देवाच्या बायकोचा ताबा

मी बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गावात मला कुणी मथुराबाई म्हणतं, कुणी ताई, आणि पोरं नुसतंच 'बाई'. 'प्रतिष्ठित स्त्री' असं मला आयुष्यात एकदाच कुणी म्हटलं, तेही पोलिसांच्या पंचनाम्यात. त्या कागदाखाली माझी सही आहे. त्या सहीनं हरणा आत गेली, म्हणून तिच्याबद्दल सांगायचं तर सुरुवात माझ्यापासूनच करावी लागते.

२०१९ सालची गोष्ट. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबादच होतं. मी पोरांना खिचडी वाढत होते आणि दारात पोलिसांची गाडी येऊन थांबली. फौजदार म्हणाले, "मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. पंच म्हणून चला." हायवेवरच्या एका लॉजवर धाड घालायची होती. अशा धाडीला परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात आणि त्यात एक तरी बाई लागते, असा कायदा आहे. सरपंचाची बायको असल्या जागी पाऊल टाकणार नाही, शाळेतल्या मास्तरीणबाई रजेवर. मग उरलं कोण? पोलिओचा डोस असो, मतदार यादी असो, गावातले संडास मोजायचे असोत, अंगणवाडीच्या बाईला नाही म्हणता येत नाही. आता रांडा मोजायला चला, असं मी मनातल्या मनात म्हणाले. तो शब्द किती सहज आला होता ते आठवलं की आज मला माझीच लाज वाटते.

भर दुपार होती. पोलिसांनी एक बनावट गिऱ्हाईक आधीच आत पाठवलं होतं. त्यानं खिडकीतून खूण केली, आम्ही जिना चढलो. तिसऱ्या खोलीचं दार उघडलं तर पलंगाच्या कडेला हरणा बसलेली. आमच्याच गावातल्या बिराप्पा धनगराची लेक, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिनं मला पाहिलं, डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "ताई, तुमी कशाला आलाव इथं? पोरं जेवली का?"

फौजदारांनी कागद पुढं केला. चष्मा घरी राहिला होता हे खरं, पण चष्मा असता तरी मी तो कागद वाचला असता, असं काही छातीठोकपणे सांगता येत नाही. सही केली आणि परत येऊन पोरांची ताटं विसळली.

हरणा तिथं कशी पोचली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी ते एका दमात कधी बोललं नव्हतं. बिराप्पाला मुलगा होत नव्हता. दोन पोरी झाल्या, एक पाळण्यातच गेली, उरली ती हरणा. तिच्या आईनं, सिद्धम्मानं, अणदूरच्या खंडोबाला नवस केला की मुलगा दे, ही पोर तुला वाहते. पुढच्याच साली बालाजी झाला. देव शब्दाला जागला म्हटल्यावर माणसांनी मागं कसं राहायचं? आठ वर्षांच्या हरणाचं देवाशी लग्न लागलं. भंडारा उधळला, गळ्यात कवड्यांची माळ पडली, गावाला भरीत-रोडगा आणि पुरणाचं जेवण झालं. मी तेव्हा वीस वर्षांची नवी नवरी. त्या पंगतीत बसून मी चांगली पोटभर जेवले होते.

आमचा खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने अणदूर सोडून नळदुर्गला मुक्कामाला जातो. त्या वेळी दोन्हीकडचे लोक बसून लेखी करार करतात, देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा. देवाचं सगळं कागदावर असतं. देवाला दिलेल्या पोरीला परत कधी आणायचं, हे मात्र कुणाला लिहावंसं वाटलं नाही, मलासुद्धा नाही.

मुरळी म्हणजे देवाची बायको, तिनं माणसाशी लग्न करायचं नाही. रेवणसिद्ध नावाच्या वाघ्याच्या जोडीनं हरणा जागरणात नाचायची, गायची. गळा असा गोड, की म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. लोक तिच्या पाया पडायचे आणि त्यातलेच काही नंतर तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायचे, कारण नवरा देव असला तरी तो काही काठी घेऊन राखण करत नव्हता. सतराव्या वर्षी एका बागायतदारानं तिला ठेवली. हा शब्द बघा, ठेवली. फडताळात भांडं ठेवावं तशी. बारा वर्षांनी त्याच्या पोरांची लग्नं निघाली तेव्हा भांडं बाहेर काढून टाकलं. तोवर लोक जागरणाऐवजी डीजे लावायला लागले होते, रेवणसिद्ध वारला होता. बिराप्पाही गेला होता आणि मेंढरं विकून संपली होती. मग हरणा हायवेवरच्या लॉजवर जायला लागली.

हरणाच्या गाण्यावर बालाजी शिकला होता. परंड्याला एका कचेरीत शिपाई लागला, घर बांधलं, बायको केली. म्हातारीला मात्र त्यानं इथंच ठेवलं. तिला नेलं तर मागोमाग बहीण यायला लागेल, ही धास्ती. मग म्हातारीची ज्वारी, चहासाखर, गुडघ्याच्या गोळ्या हे सगळं हरणाकडून यायचं, आणि त्याचे पैसे लॉजवरून यायचे. सिद्धम्माला कळत होतं का? मी एकदा आडून विचारलं होतं. ती म्हणाली, "पोरगी देवाच्या कामाला जाती." एवढं बोलून ती तांदूळ निवडत बसली, मी पुढं विचारलं नाही.

कायद्याच्या भाषेत हरणा आरोपी नव्हती. ती 'पीडित' होती. आरोपी म्हणजे लॉजचा मालक आणि मॅनेजर. मालक चौथ्या दिवशी जामिनावर सुटला आणि महिन्याभरात नवा बोर्ड लावून तोच धंदा सुरू झाला. पीडितेला जामीन नसतो, कारण तिला अटकच झालेली नसते. तिला सुरक्षित ठेवलेलं असतं. हरणाला शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या सरकारी गृहात सुरक्षित ठेवलं होतं, खिडक्यांना जाळ्या आणि फाटकाला बाहेरून कुलूप.

मी भेटायला गेले. का गेले? झोप लागत नव्हती म्हणून. मला वाटलं होतं ती शिव्या घालील. तिनं विचारलं, "आयेच्या गोळ्या हायत का संपल्या? पानी कोन आनून देतंय तिला?"

"मी देते."

"मला कवा सोडत्याल, ताई? म्या काय केलंय म्हून हितं ठिवलंय?"

मी तिथल्या अधीक्षकबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोर्ट घरच्यांची चौकशी करील. घर योग्य वाटलं तर ताबा घरच्यांकडं देईल. नाहीतर कमीत कमी एक वर्ष इथंच, तीनसुद्धा होऊ शकतात. चाळीस वर्षांच्या बाईचा ताबा! मी म्हटलं, तिला तिच्याच ताब्यात द्या की. बाई हसल्या आणि रजिस्टर मिटलं.

ताबा घेणारं माणूस हवं म्हणून मी बालाजीला फोन केला. तो म्हणाला, "ताई, नोकरीचा सवाल हाय माझ्या. मला बहीनच न्हाय म्हून सांगा त्यास्नी."

"अरे, तुझा जन्म व्हावा म्हून तिला—"

त्यानं फोन कट केला. मग राहिली पंचाहत्तरीची सिद्धम्मा.

आणि इथं मी शहाणपण केलं. चौकशीला सरकारी मॅडम गावात आल्या. चांगल्या होत्या, चप्पल काढून सिद्धम्माच्या खोपटात बसल्या, चहा प्यायल्या. फॉर्म भरताना विचारलं, "हरणाबाईंच्या पतीचं नाव?"

सिद्धम्मा झटकन म्हणाली, "खंडोबा."

मॅडमनी ते लिहिलं आणि विचारलं, "सध्या कुठं असतात ते?"

"अणदूरला. पावणेदोन महिने नळदुर्गला."

मला हसू आवरेना. मॅडम गोंधळल्या, तेव्हा मी पुढं सरकून सगळं समजावून सांगितलं. नवस, लग्न, माळ, बागायतदार, भाऊ शिकला तो, म्हातारी जगते ती. हरणाचा यात काडीचा दोष नाही, आठ वर्षांची होती ती, आणि तरी तिनं आईला कधी उपाशी ठेवलं नाही, हे मी छाती पुढं काढून सांगितलं. मला वाटलं, आता हे वाचून कुठल्याही जज्जाला पाझर फुटेल. मॅडमनी एकेक शब्द लिहून घेतला, खाली माझं नाव घातलं.

कोर्टानं हरणाला फुकट वकील नेमून दिली होती. निकिता तिचं नाव. वकिली दोन-तीन वर्षांची, पण डोकं जाग्यावर. तिनं तो अहवाल वाचला आणि मला बोलावून घेतलं.

"मॅडम, हे तुम्ही का सांगितलंत?"

"खरं आहे म्हणून."

"मुलगी देवाला वाहणं गुन्हा आहे. आणि अशा बाईच्या कमाईवर कुणी सज्ञान माणूस जगत असेल तर तोही गुन्हा आहे. मग ती आई का असेना. ताबा घ्यायला तुम्ही जिला उभी करताय, तिलाच आरोपी करून ठेवलंत."

"अहो, बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट ती."

"देवाला वाहण्याचा खटला टिकेल, न टिकेल. पण कमाईवर जगणं तर आत्ताचं आहे. म्हातारीला उचललं तर?"

एका सहीनं लेकीला आत घातलं होतं, आता तोंडानं आईला घातलं. निकितानं मग एकच वाट सांगितली. अहवाल म्हणजे ऐकीव माहिती. हरणानं स्वतः जज्जसाहेबांपुढं सांगायचं की मला कुणी देवाला सोडलं नाही, मी माझ्या मर्जीनं तिथं गेले, आईला माझा एक पैसा जात नाही, तिला भाऊ सांभाळतो. मग म्हातारीवर काही येत नाही. गरीब, साधी आई, लेकीला न्यायला आली आहे. साहेब मवाळ आहेत, देतील.

हरणाला आम्ही ते गृहात जाऊन सांगितलं. ती गळ्यातल्या कवड्या चाचपायला लागली.

"आयेसाठी व्हय? मग म्हनते की," ती म्हणाली. "देव समजून घेईल. त्यानं आजवर काय मागितलं माझ्याकडं? मागितलं समदं मानसांनीच." मग म्हणाली, "पर मर्जीनं गेले असं म्हनायचं लई जड जातंय, ताई. एवढं एक सोडून काय बी म्हनते." निकिता म्हणाली की नेमकं तेच म्हणायला लागेल, नाहीतर कुणी नेलं हा प्रश्न आईवरच येईल.

राहिली सिद्धम्मा. मी तिला सांगितलं, "मावशे, कोर्टात तुमी काय बी बोलायचं न्हाय. साहेबानं इचारलं, पोरगीला नेता का, तर व्हय म्हनायचं, अंगठा द्यायचा. बस."

"म्या कशाला बोलतेय? पोरगी घरी आली म्हंजी झालं."

का बोलायचं नाही, ते मात्र मी तिला सांगितलं नाही. ज्या गोष्टीचा तिला आयुष्यभर अभिमान होता ती चोरीसारखी लपवायची आहे, हे त्या म्हातारीला कुठल्या तोंडानं सांगायचं? बत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि जिथं खरं सांगायची खरी गरज होती तिथं मी गप्प बसले.

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. सिद्धम्मानं ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं होतं, कपाळभर भंडारा लावला होता. दार बंद करून सुनावणी होती. म्हातारीची बोली निम्मी कानडी, कोर्टाची भाषा तिला उमगायची नाही, म्हणून निकितानं परवानगी काढून मला सोबत आत बसवलं. हरणाला महिला पोलीस घेऊन आली. गळा मोकळा होता. माळ तिनं आपणहून काढून ठेवली होती.

"माळ कुठाय गं तिची?" सिद्धम्मा माझ्या कानाशी लागली. मी तिचा हात दाबला.

साहेब खरंच मवाळ होते. त्यांनी हरणाला बसायला सांगितलं, ती उभीच राहिली.

"तुम्हाला लहानपणी देवाला सोडलं होतं का?"

"न्हाय साहेब."

"अहवालात तसं लिहिलं आहे."

"लोक बोलत्यात. तसं काय न्हाय."

"मग या धंद्यात कुणी आणलं?"

हरणानं एकदा निकिताकडं पाहिलं. "माझ्या मर्जीनं आले. कुनी आनलं न्हाय."

"आईला पैसे देत होतात?"

"न्हाय. आयेला भाऊ बघतो. तिला ह्यातलं कायच ठावं न्हाय."

एवढं सगळं तिनं एका दमात, न अडखळता सांगितलं. साहेबांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं, समोर बसलेल्या टायपिस्ट मुलीला ते टाइप करायला सांगितलं आणि आमच्याकडं बघून विचारलं, "आई आली आहे ना? मुलीचा ताबा घ्यायला तयार आहात का, आजी?" निकितानं माझ्याकडं वळून डोळ्यांनीच शाब्बास म्हटलं. एक 'व्हय' आणि एक अंगठा, एवढंच बाकी होतं.

सिद्धम्मा उठली. गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू उठली.

"साहेब, ही खोटं बोलतीया."

मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"माझी लेक मर्जीनं असलं करनारी न्हाय. बाजारातली न्हाय ती. देवाची हाय. म्या दिली देवाला, ह्या हातानं भंडारा लावून दिली. सारं गाव जेवलं व्हतं. ही मथुरा बी जेवली, इचारा तिला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं बघत राहिले.

"आन भाऊ कुठला बघतोय मला? त्यो उंबरा चढत न्हाय माझा. हिच्या जिवावर जगले म्या. हिनं मला एक दिस उपाशी ठिवली न्हाय. अशा पोरीला मर्जीची म्हनता?"

"आये, गप गं! गप बस की!" हरणा किंचाळली. महिला पोलिसानं तिचा दंड धरला. पण म्हातारी थांबली नाही. लेकीची अब्रू वाचवायला उभी राहिली होती ती. टाइप करणारी मुलगी मध्येच थांबली होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि तिला म्हणाले, "आजी काय म्हणाल्या ते घ्या."

पुढचं सगळं कोर्टाच्या भाषेत झालं. घर योग्य नाही. एक वर्ष सरकारी गृहात. आईच्या बाबतीत पोलिसांनी चौकशी करून अहवाल द्यावा. निकिता अर्ज करत राहिली, वयाचं कारण सांगत राहिली, साहेबांनी ते ऐकूनही घेतलं. त्यांचा राग कुणावरच नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं.

बाहेर आवारात हरणाला गाडीत बसवत होते. मी धावत गेले. ती रडत नव्हती. जाळीला बोटं लावून म्हणाली, "ताई, आयेला घरी न्या. तिला कायच सांगू नगा. तिनं माझ्यासाठीच केलं."

"पोलीस येतील गं तिच्याकडं."

"मग तवा तुमी तिच्यापाशी थांबा," ती म्हणाली, आणि गाडी सुरू झाली.

सिद्धम्मा बाकावरून उठून माझ्यामागं आली होती. गाडी फाटकातून वळेपर्यंत ती हात हलवत होती. चेहरा असा उजळलेला, की देवळातून आल्यासारखी.

"बगितलंस मथुरे? खरं सांगितलं तवा सोडलं. वर गाडीनं पोचवायला लागले तिला."

मी तिला आधाराला हात दिला.

"चल, चल बिगीनं यष्टी गाठू," ती कनवटीला हात लावून घाई करू लागली. "पोरगी आपल्या आदी पोचायची. किल्ली माझ्यापाशी हाय. दारात ताटकळत बसंल ती."